भिमाजी मास्तरांचा चंद्र

लोणावळ्याच्या बाजारामागच्या एका खोलीत भिमाजी मास्तर रेल्वेच्या माणसांना इंग्रजी शिकवत. स्वतः मॅट्रिकला दोनदा आपटलेले. पण सोमाटण्याला घरी गेले की पारावर असा घसा साफ करत, की कालच विलायतेहून उतरले आहेत! त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. रेल्वे कामगारांसाठी इंग्रजीचा वर्ग काढणार होती, आणि तिथली मास्तरकी त्यांना हवी होती.

त्यांची सगळी विद्या म्हणजे एक वही, तीही पुण्यातल्या कुणाचीतरी उतरवून आणलेली. तीत बारा निबंध. विषय गाईचा असो की अपघाताचा, सुरुवातीला चंद्र उगवलाच पाहिजे. शिकवणं म्हणजे ते निबंध घोकून घेणं. आपण घरच्या पत्रात आधी साष्टांग नमस्कार घालतो, मजकूर मागून येतो. इंग्रजीचंही तसंच, असं या उंटावरच्या शहाण्याचं मत होतं.

रज्जाक फायरमननं एकदा विचारलं, "मास्तर, गाडी का थांबली, ते पयल्यांदाच लिवलं तर?"

"दरबारात उघड्या अंगानं जातोस का रे? चंद्र घोक," मास्तर म्हणाले.

बढतीची परीक्षा आली. साहेबानं सांगितलं, भर दुपारी घाटात तुमचं इंजिन बंद पडलं आहे, वरिष्ठांना कळवा. मास्तरांच्या दहा चेल्यांपैकी नऊ जणांनी भर दुपारी घाटावर चंद्र उगवून दाखवला. साहेबानं नऊ कागद शेजारी शेजारी मांडले आणि नऊही जणांना नापास केलं. दिवसभर कोळसा ओढणाऱ्या माणसांच्या डोक्यात या गृहस्थानं चांदणं भरलं, याची चीड येते.

रज्जाकनं सहा वाक्यं लिहिली होती. कुठं थांबलो, किती वाजता, कशानं, कुणाला कळवलं. तो एकटा पास झाला. लगेच मास्तरांनी खोलीवर त्याच्या नावाची पाटी लावली, 'आमचा विद्यार्थी' म्हणून. जनाची नाही, निदान मनाची तरी!

मग मास्तरांनी नोकरीसाठी अर्ज धाडला. पाच पानी. चार पानं चंद्र आणि साहेबाची कीर्ती. अर्ज आठवड्यात परत आला, वर एकच ओळ होती: आपल्याला काय हवे आहे?

मास्तर संध्याकाळी रज्जाकच्या दारात. "तुझं अक्षर बरं आहे. एवढं नीट उतरवून दे."

रज्जाकनं चटई अंथरली, पाच पानं बाजूला ठेवली आणि कोरा कागद घेतला. "काय पायजे, ते येका वाक्यात सांगा मास्तर."

"रेल्वेच्या वर्गाची मास्तरकी."

रज्जाकनं ते लिहिलं. मग टोमणा न मारता, अगदी अदबीनं म्हणाला, "झालं. आता दुसरं. तुमाला काय येतं?"

मास्तरांनी सवयीनं घसा साफ केला. चंद्राखेरीज सांगण्यासारखं काही सापडेना. रज्जाक टाक शाईत बुडवून वाट बघत राहिला, आणि टाकावरची शाई वाळली.