साहेबाची बशी

किहीमच्या किनाऱ्यावर, सुरूंच्या सावलीतल्या टपरीवर एक म्हातारा इंग्रज रोज सकाळी चहाला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. टपरी कोळीण मावशींची. साहेब करंगळी वर करून, आवाज न करता चहा पितो, हे मालिकांनी त्यांना पक्कं शिकवलं होतं. म्हणून त्याला फुलाफुलांचा कप मिळायचा, आणि मावशी स्वतः मात्र पाठ फिरवून बशीतून प्यायच्या.

त्या दिवशी धुक्यात समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. म्हाताऱ्यानं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि डोळे मिटून सुर्रकन ओढला.

"ह्यो कसला सायेब?" मावशी हिरमुसल्या.

मी त्याला इंग्रजीत विचारलं. तो बशीकडे बघतच म्हणाला, "आई बंदरावर मासे साफ करायची. थंडीनं बोटं वाकायची नाहीत, कपाचा कान धरता यायचा नाही. मग बशी, दोन्ही हातांत."

मी ते मावशींना सांगितलं. कोळंबी सोलून चिरा पडलेल्या आपल्या बोटांकडे त्या बघत राहिल्या. मग बशी घेऊन त्याच्यासमोर येऊन बसल्या आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा भुरका मारला.