डाळजच्या गवतातला मासेखाऊ कोळी

पुण्याहून सोलापूरच्या एसटीत बसले तेव्हा कंडक्टरने विचारलं, "डाळज? फ्लेमिंगो बघायला?"

"नाही, कोळी. आठ पायांचा."

त्याने मला एकदा आपादमस्तक न्याहाळून तिकीट दिलं.

पाण्यावर धावणारा, बुडी मारणारा आणि चक्क मासा धरणारा हा कोळी मी शाळेत आयुष्यभर शिकवला, पण पाहिला कधीच नव्हता. निवृत्तीनंतर ही एकच हौस उरली होती.

डाळजला उजनी जलाशयाच्या काठावर नावाडी तात्या भेटले. त्यांच्या होडीतून फ्लेमिंगो न बघता कुणी परत गेलेलं नव्हतं आणि माझ्यासाठी हा लौकिक घालवायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. मी पाणकणसांकडे (काठावरचं उंच गवत) बोट दाखवायचे, होडी गुलाबी थव्याकडे वळायची.

"बाई, तितं बगा की! लोकं दिल्लीवरनं येत्यात."

"बघितले. आता गवतात घ्या."

"गवतात काय हाय? किडं!"

"तेच हवेत."

अखेर वैतागून त्यांनी होडी गवतात घातली, आणि तो दिसला! तपकिरी, चहाच्या बशीत मावेल एवढा. मागचे पाय पानावर, पुढचे पाण्यावर टेकलेले. पाणी जरासं हललं, त्याने झडप घातली आणि करंगळीएवढी मासोळी ओढत पानावर आणली. आनंदाने मी किंचाळतच उठले. होडी डगमगली. पाहुणी घाबरली असं समजून तात्यांनी कोळ्यावर वल्हं हाणलं. मासोळी पाण्यात, कोळी गायब.

"तात्या, मारलात ना त्याला!" मला खरंच रडू फुटलं.

"पाव्हण्याच्या अंगावर किडा यायला लागला तर आमी नुसतं बगत बसायचं व्हय?" तात्याही दुखावले.

दोघंही फुगून बसलो. तेवढ्यात पाण्याखालच्या देठावर चंदेरी बुडबुडा हलला. स्वारी अंगाभोवती हवा धरून बुडी मारून बसली होती! कोळी वर आला, होडीवर चढला आणि तिथून थेट माझ्या साडीवर.

"तात्या! काढा! काढा त्याला!"

तात्यांनी वल्हं मांडीवर ठेवलं. "न्हाय बाई. आता म्या हात लावनार न्हाय. निवांत बगा."

मी डोळे मिटले. कोळी सावकाश फिरून आपला आपण गवतात गेला, असं तात्यांनीच सांगितलं.

दुपारी त्यांच्या घरी चिलापीचा (उजनीतला मासा) झणझणीत रस्सा ओरपला. निघताना काठावर नवे पाहुणे विचारत होते, काय काय दिसतं?

"फ्लेमिंगो तर हायतच," तात्या म्हणाले. "मासं धरनारा कोळी बी दावतो. पन वरडायचं न्हाय."

परतीच्या एसटीत मी फार खुशीत होते, तरी पुणं येईपर्यंत निऱ्या झटकत होते. आपण त्याला बघायला गेलो, की तोही आपल्याला बघायला येऊ शकतो, हे हौसेच्या भरात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.