पहिल्याच गावाचे आकडे

महेजबीन अमरावतीच्या ज्या संस्थेत कामाला होती, ती धारणीकडच्या गावांत अशक्त पोरांना खाऊ पुरवायची. एक्सेलच्या एकाच फाईलमध्ये प्रत्येक गावाची वेगळी शीट. कुठं किती पोरं अशक्त, हे दर महिन्याला शीट उघडून टिपताना तिचे डोळे पांढरे व्हायचे. शेवटी मोबाईलवर बघून बघून ती मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला शिकली. बटण दाबलं की मॅक्रो सगळ्या शीटांवरून फिरायचा आणि गोषवारा तयार. कुठं किती खाऊ पाठवायचा, ते मग त्यावरूनच ठरायचं. संचालक हरिहररावांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली.

दिवाळीनंतर पार्बताबाई आली. ती धारणीकडच्या एका गावात पोरांची वजनं करायची. आधी जीप, मग एसटी, अशी धक्के खात आलेली.

"बाई, आमच्या गावचा खाऊ काहून बंद केला? पोरं वायून काड्या होऊन राह्यली."

महेजबीनने तिच्यासमोरच फाईल उघडली. गावाच्या शीटमध्ये अशक्त पोरांची नावंच नावं, अन् गोषवाऱ्यात शून्य. तिने कोड वाचला आणि चूक सापडली. मॅक्रो फिरत होता प्रत्येक शीटवर, पण आकडा उचलत होता समोर उघड्या असलेल्या पहिल्या शीटचाच. त्या एका गावात अशक्त पोर नव्हतं, म्हणून मग कुठंच नव्हतं.

ती हरिहररावांकडे धावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गोषवारा वर गेला, कुठंच अशक्त पोर नाही म्हणून शाबासकीही आली. आता संस्थेचं नाक कापायचं?"

"सर, पोरं उपाशी आहेत."

"चूक कोणाची? तुझी. मग तूच सांग तिला, गावात कोणी अशक्त नाही म्हणून. माझ्यासमोर. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

पार्बताबाईला आत बोलावलं. बस कोणी म्हटलं नाही. महेजबीन खाली बघत म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटरमध्ये तुमच्या गावात कोणीच अशक्त नाही."

"आत्ता तं पाह्यलं ना तू. माह्यासंगं."

"नाही पाह्यलं."

हरिहररावांनी चहा मागवला. दोनच कप.

पुढे तपासणी आली, शीटा उघडल्या गेल्या. हरिहररावांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि त्याच दिवशी तिला काढून टाकलं. तोवर पार्बताबाईच्या गावातलं एक पोर गेलं होतं.

महेजबीन एसटीने धारणीला, तिथून गावात गेली. पार्बताबाईच्या पाया पडायला वाकली, तर ती मागे सरली.

"मले नको मागू माफी. तिले माग," म्हणत तिने समोरचं अंगण दाखवलं.

पोराची आई तिथं झाडत होती. महेजबीन जवळ गेली, बोलली, रडली. ती बाई झाडतच राहिली.