मागाच्या खडखडाटातली आई

भवानी पेठेतल्या आमच्या घरात टॉवेलचे दोन माग आहेत. नक्षी पडद्यावर बघायची आणि लगेच कापडावर पडताळायची म्हणून मी लॅपटॉपसाठी एक फळी ठोकून घेतली होती, तीही थेट मागाच्याच चौकटीला. या हुशारीवर मी भलताच खूश होतो. लॅपटॉप सुरू होईना म्हणून दुकानात नेला, तेव्हा दुरुस्तीवाल्यानं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"कदीपासनं वाजतंय हे?" त्यानं विचारलं.

"काय वाजतंय?"

त्यानं दुकानातला पंखा बंद केला आणि लॅपटॉप माझ्या कानाशी धरला. आत टक्, टक् चाललं होतं. थोडं थांबून पुन्हा टक्.

"महिनाभर तरी वाजत आसंल की. तुमाला ऐकू कसं न्हाय आलं?"

कसं येणार? माग चालू असताना आमच्याकडे हातातून परात पडली तरी कळत नाही. वडिलांचे कान तर मागांनी केव्हाच खाल्ले. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते सगळं समजून घेतात.

नक्ष्या गेल्या तर पुन्हा काढता आल्या असत्या. मला हवे होते ते आईचे तीन व्हिडिओ. आई गेल्या वर्षी गेली. ती असतानाच फोन भरला म्हणून मी ते लॅपटॉपवर घेतले होते आणि फोनमधले पुसून मोकळा झालो होतो. फोटोंत ती आहे, पण तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही.

"हार्ड डिस्कला हादरा सोसत न्हाय," तो म्हणाला. "निगंल तेवढं काढतो. भरवसा मात्र देत न्हाय."

आठवड्यानं त्यानं पेनड्राइव्ह हातात ठेवला. नक्ष्या जवळजवळ सगळ्या निघाल्या होत्या. आईचा एकच व्हिडिओ वाचला होता, अर्ध्या मिनिटाचा. वीज गेली असताना, घर शांत असताना घेतलेले बाकीचे दोन गेलेच.

घरी येऊन मी दोन्ही माग बंद केले, शेजाऱ्यांचा लॅपटॉप उसना आणला आणि वडिलांना जवळ बसवलं. आई मागाजवळ सुताच्या कांड्या भरत बसलेली दिसली. "आई, बोल की कायतरी," असं मी ओरडतोय. ती हसते, पदर सारखा करते, काहीतरी बोलते. पण ऐकू येतो तो नुसता मागाचा खडखडाट. मी आवाज वाढवला, तसा खडखडाटच वाढला. तिचा एक शब्द म्हणून कानावर पडला नाही. मला रडूच कोसळलं.

वडिलांना वाटलं, तिला बघून रडतोय. "परत लाव," म्हणाले. मी लावला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी ते चक्क हसले.

"बग, काय म्हनती तुजी आई!"

"मला ऐकू येत न्हाय, अप्पा. काय म्हनती?"

"आदी माग बंद कर म्हनती. मग बोलते म्हनती."

तेव्हा मी माग बंद केला नव्हता. माग थांबवायचा दांडा हाताशीच होता, पण टॉवेल शेवटच्या काठाशी आला होता. तेवढा होऊ दे, म्हटलं होतं.

व्हिडिओच्या शेवटी ती हातातली कांडी खाली ठेवते आणि माग थांबायची वाट बघत बसते.