आंदणातल्या सतरंज्या

वडील अकोल्यात विणकरांच्या सोसायटीत सतरंज्या विणत. दादा अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवी. १९६०च्या आसपास सोसायटीने त्यालाच विचारलं की माग किती चालवावेत, माल किती साठवावा आणि किंमत काय ठेवावी. दादाने जुन्या विक्रीवरून आलेख काढला. किंमत उतरली की खप वाढतो, असं त्यात दिसत होतं. त्याने सांगितलं, पावसाळ्यात सगळे माग चालवा, कोठी भरा आणि लग्नसराईच्या तोंडावर किंमत उतरवा.

कोठीत छतापर्यंत थप्प्या लागल्या. किंमत उतरवली आणि खप घटला.

मी तेव्हा वार्ताहर होतो. दादा आणि मी सोसायटीच्या दुकानात जाऊन बसलो. एका बाईने सतरंजी उलटून पाहिली, विणीवर हात फिरवला आणि परत ठेवली.

"काहून, मावशी? सस्ती झाली तं घ्या ना," दुकानातला माणूस म्हणाला.

"सस्ती झाली म्हणूनच ठेवली. लेकीच्या आंदणात द्याची हाय."

"मंग विहिणीले भाव सांगता कायले?"

"तिले सांगा लागत नाही. तिचे कान बाजारातच असते."

दादाने जुन्या विक्रीच्या वह्या पुन्हा काढल्या. त्यांत किंमत उतरवल्याच्या नोंदी होत्या त्या पावसाळ्यातल्या. तेव्हा लोक घरी अंथरायला सतरंजी नेत. लेकीला द्यायची वस्तू स्वस्त चालत नाही, हे विणकराच्या घरात वाढूनही आम्हा दोघांच्या ध्यानात आलं नव्हतं.

किंमत पुन्हा चढवली, पण तोवर गावोगाव बोभाटा झाला होता. सराई संपली. माल पडून राहिला, काही माग बंद करणं भाग पडलं. कोणते आधी, तेही दादाच्याच कागदावर आलेखाखाली लिहिलेलं होतं: ज्याचं विणकाम सर्वांत हळू, तो पहिला. सभेत ती यादी त्यालाच वाचावी लागली. पहिलं नाव वडिलांचं होतं.

घरी वडिलांनी तो कागद मागितला. त्यांना वाचता येत नसे.

"याच्यात मी कुठं हावो?"

दादाने आलेखाखालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. वडिलांनी कागद उजेडाकडे धरला, आलेखाच्या रेघेवरून अंगठा फिरवला, विणीवरून फिरवत तसाच.

"रेघ सरळ काढली तू," ते म्हणाले, आणि कागद घडी घालून परत दिला.