मटकीतले लेनापे दाणे

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या ममताच्या ओट्यावर कडधान्य उघडं दिसलं, की ते रात्री भिजत पडायचंच. दुबईत येऊन वर्षं झाली, ही सवय सुटली नाही. त्या दिवशी वाटीत मूठभर ठिपक्याठिपक्यांचे दाणे होते, घेवड्यासारखे. नवऱ्यानं, विलासनं, आणले असतील. एवढ्याशाची काय उसळ होणार, म्हणून तिनं ते मटकीत टाकले, भिजवले आणि फडक्यात बांधले.

लेकीनं, सान्वीनं, वाटीतले दाणे कुठे म्हणून विचारलं तेव्हा कुकरची शिट्टी होऊन गेली होती.

"मम्मा, माय सीड्स! प्रोजेक्टचे!"

तिच्या अमेरिकन शाळेत डेलावेअर राज्याचा धडा चालू होता. तिथे नदीकाठी आधी लेनापे लोक राहायचे. मग स्वीडनहून जहाजं आली, ओंडक्यांची घरं उभी राहिली, आणि पुढे लेनापेंना पश्चिमेला हटवत हटवत पार ओक्लाहोमापर्यंत नेलं. बायकांनी जाताना बियाणं बरोबर घेतलं. त्याच वाणाचे दाणे टीचरना एका लेनापे बाईंनी दिले होते. प्रत्येक मुलाला मूठभर. जास्तीचे नव्हते.

"नदी गेली, घरं गेली, आणि हे राहिलं?" ममता खाली बसली.

"अँड यू कुक्ड देम!" सान्वी हुंदके देत म्हणाली.

"उसळ मात्र झकास झालीय," विलास म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो!"

तेवढ्यात तिला फडकं आठवलं. विलासला सकाळी कच्चे मोड लागतात, म्हणून ती थोडे नेहमी मागे ठेवते. तिनं सगळं ताटात ओतलं. मायलेकी मटकी निवडायला बसल्या. चार ठिपकेवाले सापडले. चारही दाण्यांना मोड आले होते.

बाल्कनीत सान्वीनं प्रोजेक्टसाठीच लावलेला मका गुडघ्याएवढा झाला होता. लेनापे लावायचे तसेच तिनं दाणे मक्याच्या बुंध्याशी लावले. दोन गेले, दोन उगवले. वेल मक्याला वळसे घालत वर चढले. कपडे वाळत घालायला गेलेली ममता तिथेच थबके. तिची गावाहून निघालेली बॅग कुळथानं, कोकमानं भरलेली असायची. पण तिला परतीचं तिकीट होतं. त्या बायकांना नव्हतं. त्यांच्या ओच्यातलं हे आज वाळवंटातल्या कुंडीत फुलत होतं. वेलांना हात लावायची तिला भीती वाटे.

शेंगा वाळल्या. सान्वीनं शाळेत परत द्यायचे दाणे मोजून घेतले. उरलेले ममतानं डबीत भरले आणि देवघरात, गणपतीशेजारी ठेवले.

"तिथे का?" सान्वी म्हणाली.

"ओट्यावर नको गं. माझा माझ्यावर भरवसा नाही."