बायनाबाईनं उपटलेली दीडशे झाडं

तीर्थपुरीजवळच्या वस्तीवर राहणारी बायनाबाई चोवीस वर्षांपासून कपाशीच्या बियाणे प्लॉटवर क्रॉसिंग करते. दुपारी मादी झाडाची कळी नखानं सोलायची, आतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर नर फुलाचा पराग फिरवायचा. पाकिटात मिळणारं महागडं संकरित बी असंच तयार होतं, बायांच्या नखांखालून. पाकिटावर फोटो मात्र पांढऱ्या कोटातल्या माणसाचा असतो.

गेल्या खरिपात ती पुंजारामच्या अर्ध्या एकरावर होती. मूळ बी कंपनीचं, वावर पुंजारामचं. तयार बियाणं शुद्धतेच्या चाचणीत पास झालं तरच कंपनी ते घेणार. पहिली फुलं उमलली त्या सकाळी बायनाबाई मादीच्या ओळींतून फिरली आणि बांधावर येऊन बसली.

"काहून बसल्या?" पुंजारामनं विचारलं.

"भाऊ, मादीत भेसळ हाये. दर आठ-दहा झाडांत एकाच्या पाकळीला बुडाशी लाल ठिपका हाये. ती ठेवली तर प्लॉट फेल जाईन."

पुंजारामनं फोन लावला. कंपनीचे अधिकारी धर्मराज साहेब आले, पण गाडीजवळच उभे राहिले. बुटांना चिखल लागला असता. त्यांनी मोबाईलवर मूळ बियाण्याचा प्रयोगशाळेतला अहवाल दाखवला. शुद्धता नव्व्याण्णव पूर्णांक दोन टक्के.

"मावशी, दोन कोटींचं मशीन खोटं बोलेल का?"

"मशीननं हे वावर पाह्यलं का साहेब?"

या प्रश्नाचं उत्तर अहवालात नव्हतं, म्हणून साहेबांनी दिलं नाही. एक जरी झाड उपटलं तर प्लॉट रद्द, अशी ताकीद देऊन ते तीर्थपुरीला जेवायला गेले.

त्यांचं जेवण होईतो बायनाबाई आणि तिच्या सोबतच्या सहा बायांनी दीडशे झाडं उपटून बांधाच्या पलीकडं टाकली. पुंजारामचा चेहरा उतरला.

"माझं चुकलं तर साऱ्या हंगामाची मजुरी देऊ नका," ती म्हणाली. पुंजारामनं उपटलेली झाडं बांधाआड आणखी लांब ढकलली; जेवून परतलेल्या साहेबांनी गाडीतूनच वावर पाहिलं आणि त्यांना काही कळलं नाही.

त्या भागात त्याच मूळ बियाण्याचे बत्तीस प्लॉट होते. चाचणीत एकतीस फेल गेले, पुंजारामचा पास झाला. कंपनीनं जालन्याच्या एका हॉटेलात कार्यक्रम ठेवला. 'सुधारित क्षेत्र व्यवस्थापन' या विषयावर धर्मराज साहेब पाऊण तास बोलले आणि त्यांना बढती मिळाली. बायनाबाईला कंपनीचं नाव छापलेली छत्री मिळाली.

यंदा फुलं यायच्या आधीच तिनं साहेबांना निरोप धाडला. मादीच्या ओळी आधी मी पाहणार, प्लॉटमागं हजार रुपये, कंपनीकडून. असा खर्च कुठल्याच खात्यात बसत नाही, असं साहेब म्हणाले. मग बत्तीसही शेतकऱ्यांनी क्रॉसिंग सुरू केलं नाही. तीन दिवस फुलं उमलून वाया गेली. चौथ्या दिवशी तो खर्च 'गाड्यांचं डिझेल' या खात्यात व्यवस्थित बसला.

त्याच आठवड्यात वर्षाराणी आली. पीक संशोधनात गुंतवलेल्या रुपयाचे किती रुपये होतात, यावर ती विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. तिनं फॉर्म भरायला घेतला.

"शिक्षण?"

"शाळंत गेल्तेच न्हाई."

वर्षाराणीनं 'अकुशल मजूर' या चौकटीत खूण केली आणि बायनाबाईनं विचारलं म्हणून अर्थही सांगितला, "ज्याला फारसं शिकावं लागत नाही, असं काम."

"अस्सं. मंग ही कळी सोला बरं."

वर्षाराणीनं अकरा कळ्या सोलल्या. अकराही आतून मोडल्या. पोरगी मनानं सरळ होती; खूण खोडून तिनं बाजूला 'कुशल' लिहिलं.

महिन्यानं तिचा फोन आला. "मावशी, ते बदलता आलं नाही. संगणकाच्या यादीत 'कुशल' अशी मजूर बाईच नाही. आमचे सर म्हणाले, आकडेमोड बिघडते."

"असू द्या. पुढच्या साली सरला घेऊन या. त्यायलाबी कळ्या देऊ."

फोन ठेवून बायनाबाईनं बायांना पाणी प्यायला बोलावलं आणि पुढच्या वर्षी हजाराचे पंधराशे मागायचे, असं सांगून टाकलं.